फ्रिजच्या सॉकेटचं रीडिंग एकदम परफेक्ट, वॉशिंग मशीनला मात्र झिणझिण्या. वायरमन म्हणतो आरसीसीबी काढून टाका, काढू का?

चौथा_मजला

नमस्कार मंडळी. लालबागला पागडीची जुनी बिल्डिंग आहे आमची, तळमजला अधिक चार, आम्ही सगळ्यात वर. सप्लाय बेस्टचा. अर्धं वायरिंग सासऱ्यांच्या वेळचं लाकडी पट्टीवरचं, अर्धं नंतर केसिंग-कॅपिंगमध्ये केलेलं. नुकतीच नवीन वॉशिंग मशीन घेतली, फ्रंट लोड इन्व्हर्टरवाली, आणि ती मोरीला लागून ठेवलीय कारण दुसरीकडे जागाच नाही. सासूबाई भांडी घासताना ओल्या हाताने मशीनला टेकल्या की झिणझिण्या येतात त्यांना, मला चप्पल घालून काहीच कळत नाही. टेस्टर लावला तर मंद पेटतो. कंपनीचा माणूस येऊन गेला, म्हणाला मशीन ओके आहे, तुमच्याकडे अर्थिंग नाही.

मग नाक्यावरचा वायरमन बोलावला. त्याने आरसीसीबी (करंट लीक झाला की सप्लाय तोडणारा स्विच) बसवली, तर ती इस्त्री लावली की पडायला, म्हणजे ट्रिप व्हायला लागली, लाईट-पंख्यावर ठीक राहते. आता तो म्हणतो जुन्या वायरिंगला आरसीसीबी चालत नाही, ती काढून टाकू आणि मशीनच्या सॉकेटमध्ये अर्थ आणि न्यूट्रल जोडणारा वायरचा तुकडा मारून देतो, झिणझिण्या बंद.

मिस्टरांनी मल्टीमीटरने मोजलं ते असं. फ्रिजच्या सॉकेटला फेज-न्यूट्रल २३४, फेज-अर्थ २३४, न्यूट्रल-अर्थ ०. मशीनच्या सॉकेटला फेज-न्यूट्रल २३४ पण मशीनच्या बॉडीपासून न्यूट्रलपर्यंत १०८ व्होल्ट. म्हणजे फ्रिजला अर्थिंग चांगलं आहे असं आम्ही धरतोय. तिथूनच हिरवी वायर ओढून मशीनला दिली तर काम होईल ना?

फेज_न्यूट्रल

ताई, आधी एक गोष्ट, आरसीसीबी काढू देऊ नका. आणि फ्रिजच्या सॉकेटवरून वायर तर मुळीच ओढू नका, मला तुमच्या मशीनपेक्षा त्या फ्रिजची जास्त काळजी वाटतेय.

मशीनचं सोपं आहे. इन्व्हर्टर मशीनच्या आत इनपुटला एक फिल्टर असतो, त्यात दोन छोटे कपॅसिटर, एक फेजपासून बॉडीला आणि एक न्यूट्रलपासून बॉडीला. अर्थ असला की त्यातून येणारा करंट गपचूप जमिनीत जातो. अर्थच नसेल तर बॉडी दोघांच्या मध्ये लटकते, २३४ च्या निम्मे ११७, तुमचं मीटर जोडल्यावर थोडं खाली येऊन १०८ दिसतंय. करंट अगदी किरकोळ असतो, साधारण अर्धा-एक मिलीअँपिअर, म्हणून झिणझिण्या येतात आणि टेस्टर मंद पेटतो. मशीन खराब नाही, तो कंपनीचा माणूस बरोबर बोलला. पण उद्या खरोखर आतला हीटर किंवा मोटर बॉडीला टेकली तर तीच बॉडी पूर्ण २३० वर जाईल आणि सासूबाईंचे हात ओले, पाय मोरीत. त्या सॉकेटला बहुतेक दोनच वायरी ओढलेल्या आहेत, तिसरी आलेलीच नाही.

आता फ्रिज. न्यूट्रल-अर्थ शून्य म्हणजे उत्तम असं सगळे समजतात. चौथ्या मजल्यावर खरा अर्थ असेल तर तो वायरने खाली मीटर रूमला जातो, न्यूट्रल दुसऱ्या वायरने जातो, आणि न्यूट्रलमधून लोडचा करंट वाहतो म्हणून त्याच्यात थोडा व्होल्टेज ड्रॉप होतोच. म्हणून चांगल्या सॉकेटला न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट, कधी तीन दिसतात आणि लोड वाढवला की वाढतात. तुम्ही असं करा, फ्रिजच्याच बोर्डावर इस्त्री लावा आणि न्यूट्रल-अर्थ परत मोजा (आरसीसीबी पडली तर राहू दे, तेही उत्तरच आहे). इस्त्री लावूनही शून्य ते शून्यच राहिलं तर त्या बोर्डाच्या मागे कुणीतरी आधीच न्यूट्रल आणि अर्थला तुकडा मारून ठेवलाय. बाजारात तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर मिळतो ना, तोसुद्धा अशा सॉकेटला सगळं ओके दाखवतो, त्याला अर्थ आणि न्यूट्रलमधला फरक कळतच नाही.

आणि इस्त्रीवर आरसीसीबी का पडते तेही यातूनच लागतं. आरसीसीबी फक्त एक हिशेब करते, फेजने जेवढा करंट गेला तेवढा न्यूट्रलने परत आला का. ३० मिलीअँपिअरच्या आसपास फरक पडला की पाडते. तुमच्या मोरीत गिझर असणार आणि त्याला लोखंडी पाइप, आणि किचन-मोरीची हिरवी वायर बहुतेक एकच. इस्त्री लावली की न्यूट्रल दीड-दोन व्होल्ट वर उचलला जातो, तो तुकड्यातून हिरव्या वायरवर, तिथून गिझरच्या बॉडीवर, तिथून पाइपने जमिनीत. त्या वाटेला समजा ३०-४० ओहम रेझिस्टन्स धरला तर ५० मिलीअँपिअरच्या घरात करंट बाहेर निसटला, आरसीसीबीने पकडला, पडली. म्हणजे ती बरोबर काम करतेय. वायरमनला फॉल्ट शोधायचा कंटाळा, दुसरं काही नाही.

गिझर आहे ना तुमच्याकडे? आणि मीटर रूममध्ये जाऊन बघा, मीटर बोर्डाच्या जवळ जीआय पट्टी (जस्त चढवलेली लोखंडी, अर्थिंगची) किंवा हिरवी वायर दिसते का, आणि ती वर येते का.

दादरकर_काका

माफ करा पण उगाच घाबरवताय. आमच्या हिंदू कॉलनीतल्या जुन्या बिल्डिंगमध्ये निम्म्या घरांत न्यूट्रललाच अर्थ जोडलेली आहे, वर्षानुवर्षं, कोणाला काही झालेलं नाही. शेवटी सबस्टेशनला ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल जमिनीतच गाडलेला असतो ना? मग इथे जोडला काय आणि तिथे जोडला काय. आणि ज्याला ते नको त्याने बीएमसीच्या नळाला अर्थ द्यावी, आमच्या वडिलांनी तशीच दिली होती, रेडिओला सुद्धा.

फेज_न्यूट्रल

काका, रेडिओला दिली होती ती एरियलसाठी, त्याचा यात संबंध नाही 🙂

सबस्टेशनला न्यूट्रल जमिनीत असतो हे बरोबर, पण तुमच्या घरापासून तिथपर्यंत मध्ये किती जॉइंट आहेत ते मोजा. घरातला डीबी (एमसीबींचा मेन बोर्ड), मीटर, मीटर रूमचा कटआऊट, रस्त्यावरचा पिलर, केबलचे जॉइंट. ह्यातला एक न्यूट्रल सुटला, पावसाळ्यात अॅल्युमिनियमचा लग (वायरच्या टोकाची टोपी) ढिला होऊन काळा पडला की होतंच हे, तर काय होतं बघा. पंखे थांबतात, दिवे जातात, सगळ्यांना वाटतं लाईट गेली. पण फेज आलेलाच असतो. चालू राहिलेल्या कुठल्याही बल्बमधून, टीव्हीमधून तो फेज घरातल्या न्यूट्रलवर येऊन बसतो, पुढे जायला वाट नाही म्हणून पूर्ण २३० ला. आणि तुमचा तुकडा तो न्यूट्रल फ्रिजच्या दाराला नेऊन देतो. माणूस अंधारात पहिलं काय करतो, फ्रिजमधून पाण्याची बाटली काढायला जातो. फॉल्ट फ्रिजमध्ये नाही, घरातही नाही, खाली मीटर रूममध्ये आहे, आणि शॉक वर लागतो. एमसीबी (जास्त करंट वाहिला की पडणारा स्विच) पडायचा प्रश्नच नाही कारण ओव्हरलोड झालेलाच नाही. आरसीसीबी असती तर पडली असती, कारण शरीरातून गेलेला करंट न्यूट्रलने परत येत नाही, पण तुकडेवाल्या घरात ती आधीच काढलेली असते.

दुसरं, कधीतरी कोणी मीटर बदलताना किंवा डीबीत फेज-न्यूट्रल उलटे लावले तर त्याच क्षणी घरातल्या सगळ्या बॉड्या लाईव्ह. वर्षानुवर्षं काही झालं नाही म्हणजे न्यूट्रल सुटला नाही इतकंच.

नळाचं तर आता सोडूनच द्या. तेव्हा रस्त्यापासून घरापर्यंत सलग लोखंडी पाइप होता. आता प्रत्येक रिपेअरला मध्ये सीपीव्हीसीचा, म्हणजे प्लॅस्टिक पाइपचा तुकडा घालतात, म्हणजे तुमची अर्थ त्या तुकड्यापाशी संपली, आणि तुमच्या गिझरचा फॉल्ट आला तर करंट खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या नळाला. प्लंबर पाइप कापायला बसला तर त्याच्या दोन हातांच्या मध्ये. पाण्याचे, गॅसचे पाइप अर्थ म्हणून वापरायचे नसतात, उलट त्यांनाच अर्थच्या वायरने बाँड करायचं असतं म्हणजे नळ आणि गिझरच्या बॉडीत फरक राहत नाही.

अंधेरी_सेक्रेटरी

काकांना उत्तर मिळालंच आहे, मी जमिनीबद्दल बोलतो कारण आमच्या सोसायटीत यावर जनरल बॉडीत दोन तास भांडण झालं होतं. अंधेरी पूर्वेला आहोत, खाली काळा पत्थर. कॉन्ट्रॅक्टरने कोटेशनमध्ये लिहिलं "पाइप अर्थिंग १ नग, ५ ओहमच्या आत". आमच्यातल्या एका रिटायर्ड इंजिनिअरने भर सभेत फळ्यावर गणित मांडलं. अडीच मीटर लांब, ४० मिलिमीटरचा जीआय पाइप, माती चांगली म्हणजे १०० ओहम-मीटरची (मातीचा करंटला होणारा अडथळा, कमी तेवढा चांगला) धरली तरी एका पाइपचा रेझिस्टन्स येतो ३५ ओहम. लालबाग-शिवडीकडे भरावाची खारट ओली माती असेल, १० ओहम-मीटर, तर तोच पाइप साडेतीन ओहम देतो. आणि आमच्यासारख्या खडकात १००० ओहम-मीटर असेल तर साडेतीनशे! पाइप तोच, मीठ-कोळसा तोच, कॉन्ट्रॅक्टर तोच.

मग आम्ही एकाऐवजी बरेच रॉड टाकले, दोन रॉडमध्ये रॉडच्या लांबीच्या निदान दुप्पट अंतर ठेवून, कारण जवळजवळ टाकले तर ते एकमेकांचीच माती वापरतात आणि पैसे फुकट. बेंटोनाइटवालं (ओल धरून ठेवणारी माती) केमिकल अर्थिंग घेतलं, मीठ नाही, मीठ पावसाळ्यात धुऊन जातं आणि जीआय पाइप खातं. लिफ्ट आणि पंपाच्या मोटरला दोन वेगवेगळ्या अर्थच्या पट्ट्या दिल्या, नियमच आहे तो, थ्री फेज मोटरला एक पट्टी चालत नाही. आणि लाइटनिंग अरेस्टरची पट्टी कोणीतरी लिफ्टच्या पट्टीला मधल्या मजल्यावर जोडली होती ती वेगळी करून थेट खाली तिच्या स्वतःच्या पिटला (अर्थिंगच्या खड्ड्याला) नेली.

खारट मातीवाल्यांना रीडिंग छान मिळतं पण तुमची पट्टी लवकर गंजते, चेंबर उघडून नटबोल्ट बघत जा. आमच्याकडे रीडिंग वाईट पण पट्टी टिकते. मुंबईत दोन्ही सुख एका जागी नाही.

मुलुंडची_माउली

हे ३५ ओहम, ३५० ओहम वाचून घाबरायला झालं, मग खडकावरच्या लोकांनी काय करायचं? शिवाय आमच्याकडे आरसीसीबी आहे पण गणपतीला गावी गेलो आणि मागे ती पडली, आलो तर फ्रिजमधलं सगळं सडलेलं, वास आठवडाभर गेला नाही. तेव्हापासून मिस्टर म्हणतात काढून टाक. (आमच्याकडे सप्लाय महावितरणचा, मुंबईतच आहोत पण बिल वेगळं 😄)

फेज_न्यूट्रल

माउली, इथेच तर आरसीसीबीचा फायदा कळतो. समजा पिट ५ ओहमचा, एकदम मस्त, सबस्टेशनचा १ ओहम धरा. गिझरचा फेज पूर्ण बॉडीला टेकला तर करंट किती, २३० भागिले ६, साधारण ३८ अँपिअर. तुमची १६ अँपिअरची सी टाइप एमसीबी झटक्यात पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात. ३८ ला ती तापून तापून पडेल, त्यात मिनिटभर सहज जाऊ शकतं आणि तेवढा वेळ बॉडी लाईव्ह. म्हणजे नुसत्या चांगल्या अर्थिंगवर एमसीबीच्या भरवशाने राहता येत नाही. तेच ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी असेल तर बॉडी ५० व्होल्टच्या वर जायच्या आत पडायला अर्थ किती चांगला हवा? ५० भागिले ०.०३, म्हणजे सोळाशे ओहमपर्यंत असला तरी चालतो. साडेतीनशे ओहमचा खडकातला पिट असला तरी आरसीसीबी निमूट पडते. तरी पिट चांगला करायचाच, कमी ओहमचे इतर फायदे आहेत, पण जीव वाचवायचं काम आरसीसीबी करते.

आणि अर्थ अजिबात नसेल तरी ती माणसाच्या अंगातून करंट गेला की पडते. फरक एवढाच की अर्थ असेल तर फॉल्ट होताक्षणी पडते, नसेल तर कोणीतरी हात लावल्यावर. झटका बसतोच, पण सेकंदाच्या अगदी थोड्या भागात सुटतो. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरला तर मात्र तिला काही कळणार नाही, तिच्या दृष्टीने तुम्ही बल्बच.

फ्रिजसाठी सगळ्या घराला एकच आरसीसीबी ठेवू नका. फ्रिजला स्वतंत्र आरसीबीओ लावा, त्यात एमसीबी आणि आरसीसीबी दोन्ही एकत्र येतात. मग गिझरच्या लीकेजने फ्रिज बंद होत नाही. इन्व्हर्टर एसी, इन्व्हर्टर मशीन असेल तर दुकानात टाइप ए मागा, साधी एसी टाइप असते ती अशा इलेक्ट्रॉनिक लोडच्या फॉल्टला कधी कधी आंधळी होते. टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबायचं, पण ते दाबल्यावर पडली म्हणजे अर्थिंग ठीक असं नव्हे हं, ते बटण अर्थच्या वायरला विचारतसुद्धा नाही.

चौथा_मजला

सगळ्यांचे आभार. इस्त्री लावून मोजायला गेलो तर आरसीसीबी पडलीच, पण त्या आधी क्षणभर मीटरवर शून्यच होतं. मग लायसन्सवाला दुसरा वायरमन शोधला, मेन बंद करून त्याने फ्रिजचा बोर्ड उघडला तर मागे काळ्या वायरचा बोटभर तुकडा, न्यूट्रलपासून अर्थच्या पिनला! कधी कोणी मारला माहीत नाही, फ्रिज सासऱ्यांच्या वेळेपासून त्याच कोपऱ्यात आहे. तुकडा काढला आणि इस्त्रीवर आरसीसीबी पडायची थांबली, काल पूर्ण कपडे झाले. आणि हो, गिझर आहे, पाइप लोखंडी, हिरवी वायर किचन-मोरीला एकच. सगळं तुम्ही म्हणालात तसंच.

पण आता गिझरची हिरवी वायर सोडवून मोजलं तर फ्रिजची न्यूट्रल-अर्थ रीडिंग काहीच्या काही येतेय, कधी ४०, कधी ७०. मीटर रूममध्ये जीआय पट्टी आहे, ती दुसऱ्या मजल्याच्या जिन्यापर्यंत येते आणि तिथे कापलेली. शेजारचे म्हणतात रंगकाम झालं तेव्हा काढली, कोणी म्हणतं भंगारवाल्याने नेली. मालक म्हणतो रिपेअर म्हाडाचं, म्हाडाच्या कामात हे बसतं का कोणाला माहीत नाही. पिट कुठे आहे तेही कोणाला माहीत नाही, कंपाऊंडला लाद्या बसवल्यात. दिवाळीच्या आधी काही करता येईल का? आणि तोपर्यंत मशीन लावू की नको?

फेज_न्यूट्रल

आता जे ४०-७० दिसतंय ते खरं आहे, म्हणजे अर्थ नाही हे खरं आहे. डिजिटल मीटरला लटकलेली वायर अशीच दिसते, त्या आकड्याला अर्थ नसतो.

दिवाळीपर्यंत निदान तुमचं स्वतःचं होईल. पिट शोधायला लाद्या फोडायच्या आधी सप्लायवाल्यांना लेखी अर्ज द्या. सप्लाय देणाऱ्याने ग्राहकाच्या जागेत, सप्लाय सुरू होतो तिथे, अर्थचं टर्मिनल द्यायचं आणि ते नीट ठेवायचं असतं, सीईएच्या (केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या) सुरक्षा नियमांत आहे हे. मीटर रूममध्ये ते टर्मिनल असेल तर त्याला धरून तुमच्या मेनच्या बरोबरीने तांब्याची हिरवी वायर सरळ चौथ्या मजल्यापर्यंत आणा, मेन वायर ज्या जाडीची त्याच जाडीची, मध्ये जॉइंट नको. कापलेल्या पट्टीच्या टोकाला बिलकुल जोडू नका, ती खाली तरी कशाला जोडलीय ते तपासल्याशिवाय. सगळ्या बिऱ्हाडांनी मिळून पट्टी नवीन केली तर उत्तम, पण त्यासाठी तुमचं थांबवू नका, मालक आणि म्हाडा यांचं पत्र येईपर्यंत नातवंडं होतील.

पिट सापडला किंवा नवीन केला तर अर्थ टेस्टरने मोजून सही-शिक्क्याचं रीडिंग घ्या, दोन खुंट्या ठोकून मोजतात ते, क्लॅम्प मीटर नुसता अडकवून नाही. नवीन केला तर भिंतीपासून दीड मीटर तरी लांब. आणि आत्ता पावसाळ्यात घेतलेल्या रीडिंगवर खूश होऊ नका, माती ओली आहे, सगळ्यांचंच चांगलं येतं. मे महिन्यात परत मोजायला सांगा, खरा आकडा तो. कोणी अर्थ तपासायला फेज आणि अर्थमध्ये शंभरचा बल्ब लावतो म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा, अर्थ तुटलेली असेल तर त्या बल्बमधून फेज तुमच्या फ्रिज-गिझर सगळ्यांच्या बॉडीवर येतो.

मशीन लावा, आरसीसीबी चालू आहे तोवर. पण मशीन फिरत असताना मोरीत कोणी भांडी घासायची नाहीत, कपडे काढायच्या आधी स्विच बंद करून प्लग काढायचा. गिझर तापवून बंद करूनच आंघोळीला जायचं. आणि मशीनचा सॉकेट तीन वायरींचा करून घ्या, आत्ताच, अर्थ खालून आली की जोडायला तयार असेल.

दादरकर_काका

आमच्या बोर्डामागे बघायला हवं एकदा. तो लायसन्सवाला वायरमन दादरला येतो का? नंबर इथे नको, मेसेज करा.

चौथा_मजला

केला काका. तो म्हणतो एका घरासाठी येणार नाही, बिल्डिंगमधली चार-पाच घरं गोळा करा.